चाळणी कोणाच्या हातीं?

माल ज्याचा त्याच्याच हातीं तराजू, आणि वजनें तपासणारा कारकूनही त्याच्याच पदरचा, असा बाजार कोणीं भरविला तर त्या बाजारांत शहाणा व्यापारी पाऊल टाकणार नाहीं. व्यवहारांतलें हें साधें तत्त्व पेठेंतल्या कोणत्याही गुमास्त्यास समजतें. परंतु न्यायदानाच्या कामांत तेंच तत्त्व मोठमोठ्या राष्ट्रांच्या ध्यानांतून कसें निसटतें, याचें एक उदाहरण आम्ही आज वाचकांपुढें मांडणार आहोंत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ग्रँड ज्यूरी नांवाची एक जुनी संस्था आहे. तिच्यापुढें सरकारी वकिलाची सत्ता किती असावी, हा प्रश्न तेथील दोन संस्थानांत प्रत्यक्ष लोकांच्या मतास घालण्यांत आला होता. हवाई संस्थानच्या मतदारांनीं १९७८ सालीं त्याचें एक उत्तर दिलें. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं १९९० सालीं जवळजवळ त्याच्या उलट उत्तर दिलें. हीं दोन उत्तरें शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे न्यायासंबंधानें लोकांनीं काय मागावें आणि कसें मागावें, या दोन्हीं गोष्टींचा उलगडा होतो.

ग्रँड ज्यूरी म्हणजे काय हें प्रथम सांगितलें पाहिजे. कारण आपल्या देशांत तिचें नांवही आतां विस्मृतींत गेलें आहे. ज्यूरी दोन प्रकारची. धाकटी ज्यूरी खटला उघड न्यायासनापुढें ऐकून आरोपी दोषी कीं निर्दोषी हें ठरविते. थोरली, म्हणजे ग्रँड ज्यूरी, तिच्या आधीं बसते. तिनें दोष ठरवावयाचा नसतो. या माणसावर खटला भरण्यासारखा पुरावा आहे कीं नाहीं, एवढेंच तिनें पाहावयाचें असतें. असेल तर ती आरोपपत्र मान्य करते. नसेल तर तें परत फिरविते. मध्यवर्ती सरकारच्या कोर्टांत या ज्यूरींत १६ ते २३ नागरिक असतात आणि आरोपपत्र मान्य होण्यास निदान १२ जणांची संमति लागते. सारांश, धान्य जात्यांत पडण्यापूर्वीं खडे वेगळे काढणारी ही चाळणी आहे.

कोणी म्हणेल, आरोप म्हणजे कांहीं शिक्षा नव्हे. निर्दोषी मनुष्य शेवटीं सुटेलच, मग आधींच्या चाळणीचें एवढें माहात्म्य कशास? असें म्हणणाऱ्यानें फौजदारी कोर्टाची पायरी कधीं चढलेली नसावी. ज्याच्यावर आरोप ठेवला गेला त्या व्यापाऱ्याची पत त्याच दिवशीं उतरते. उधारी देणारे हात आखडते घेतात, मुलीचें ठरलेलें लग्न मोडतें, वकिलांच्या फीपायीं घर गहाण पडतें. आणि पांचसात वर्षांनीं निर्दोष सुटल्याचा निकाल हातीं येतो तेव्हां दुकानाच्या कुलपास गंज चढलेला असतो. निकालाच्या कागदानें तो गंज निघत नाहीं. म्हणूनच शिक्षा देणाऱ्या हाताइतकीच आरोप ठेवणाऱ्या हातावरही नजर असली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या संस्थेचा जन्म मात्र प्रजेच्या रक्षणासाठीं झालेला नाहीं. ११६६ सालीं इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्री राजानें क्लॅरेंडन येथें जो हुकूम काढला, त्यांत ठिकठिकाणच्या लोकांनीं आपल्या भागांतील संशयित गुन्हेगारांचीं नांवें शपथेवर सांगावीं, असें ठरलें. राजाच्या सोयीसाठीं निघालेली ही पद्धति पुढें राजासच अडवूं लागली. १६८१ सालीं दुसऱ्या चार्लस राजास लॉर्ड शॅफ्ट्सबरी या प्रतिपक्षाच्या पुढाऱ्यास राजद्रोहाच्या आरोपांत गुंतवावयाचें होतें. लंडनच्या ग्रँड ज्यूरीनें ‘आम्हांस ठाऊक नाहीं’ अशा अर्थाचा लॅटिन शेरा मारून आरोपपत्र परत फिरविलें. त्याच सालीं स्टीफन कॉलेज नांवाच्या सुतारावर आरोप ठेवण्यासही लंडनच्या ज्यूरीनें नकार दिला. तेव्हां सरकारनें तो खटला ऑक्सफर्डास नेला, तेथें मनाजोगी ज्यूरी मिळविली आणि त्या गरिबास देहांत शासन दिलें. न्यू यॉर्कमध्यें १७३४ सालीं गव्हर्नरावर टीका करणाऱ्या पत्राचा मुद्रक झेंगर याच्यावर आरोप ठेवण्यास ग्रँड ज्यूरीनें साफ नाकारलें. तेथेंही सरकारी वकिलानें ज्यूरीस बगल देऊन स्वतःच्या अधिकारांत फिर्याद गुदरली. १७३५ सालीं धाकट्या ज्यूरीनें झेंगरास सोडून दिलें म्हणून तो वांचला. दरवाजा भक्कम निघाला म्हणजे सत्ता आपले डोकें त्यावर आपटीत बसत नाहीं. ती शेजारची खिडकी शोधते. हा इतिहासाचा धडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याचें काम पुढें पडणार आहे.

ग्रँड ज्यूरी आपल्याकडेही होती. मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीन शहरांच्या वरिष्ठ कोर्टांपुढें ती बसे. १८२६ च्या कायद्यानें ख्रिस्ती नसलेल्या हिंदी लोकांस तिचीं दारें बंद ठेविलीं होतीं. त्या अन्यायाविरुद्ध राजा राममोहन राय यांनीं आवाज उठविला आणि १८३२ च्या कायद्यानें ती बंदी गेली. पुढें १८६५ सालीं ही संस्थाच मोडण्यांत आली. १८९७ सालीं लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हां त्यांस हायकोर्टाच्या सेशनकडे पाठविण्याचें काम सरकारच्या माजिस्ट्रेटाकडेच होतें. आणि हायकोर्टांत बसलेल्या नऊ जणांच्या ज्यूरींत सहा युरोपियनांनीं दोषी व तिघां हिंदी गृहस्थांनीं निर्दोषी असें मत दिलें. आरोप ठेवणारा, आरोप पारखणारा आणि दोष ठरविणारा हे तिघेही एका गोटांतले असले म्हणजे न्यायाचें काय होतें, हें महाराष्ट्रास पुस्तकांतून शिकावयास नको.

इंग्लंडनें १९३३ च्या कायद्यानें ग्रँड ज्यूरीस जवळजवळ रजा दिली. अमेरिकेनें ती ठेविली. १७९१ सालीं राज्यघटनेस जोडलेल्या पांचव्या दुरुस्तींत मध्यवर्ती सरकारच्या गंभीर खटल्यांसाठीं ती आवश्यक केली. परंतु दरम्यान चाळणी हळूहळू फिर्यादी पक्षाच्याच हातीं गेली. आज मध्यवर्ती कोर्टांतील ग्रँड ज्यूरीच्या खोलींत न्यायाधीश नसतो, आरोपी नसतो, त्याचा वकीलही नसतो. साक्षीदार कोण बोलवावयाचे हें सरकारी वकील ठरवितो. प्रश्न तोच विचारतो. आरोपपत्राचा मसुदा तोच करतो. आणि ज्यूरीस कायद्याची शंका आली तर तिचें निरसनही बहुतकरून तोच करतो. केवळ ऐकीव पुराव्यावर काढलेलें आरोपपत्र चालतें, असें वरिष्ठ कोर्टानें १९५६ सालीं ठरविलें. आणि आरोपीच्या बाजूचा पुरावा हातीं असला तरी तो ग्रँड ज्यूरीपुढें मांडण्यास सरकारी वकील बांधलेला नाहीं, असें १९९२ सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं ठरविलें. २०१० सालीं मध्यवर्ती सरकारच्या वकिलांनीं सुमारें १,६२,००० खटले चालविले. त्यांत ग्रँड ज्यूरींनीं आरोपपत्र नाकारल्याचे प्रसंग अवघे ११. आतां, चांगला वकील पोकळ खटला मुळांत आणणारच नाहीं, हें खरें. म्हणून नुसत्या आंकड्यावरून निकाल करणें बरें नव्हे. परंतु ज्या चाळणींत लाखदीड लाख दाण्यांमागें अकराच खडे सांपडतात, तिचीं भोकें एकदां तपासून पाहावीं, असें म्हणण्यास हरकत नसावी. न्यू यॉर्कचे मुख्य न्यायाधीश सॉल वॉक्टलर यांनीं १९८५ सालीं थट्टेनें म्हटलें होतें कीं, सरकारी वकिलाच्या मनांत आलें तर तो ग्रँड ज्यूरीकडून सँडविचावरही आरोपपत्र काढवून घेईल. थट्टा खरी, पण ती करणारा मनुष्य न्यायासनावरचा होता.

आतां त्या दोन मतदानांकडे वळूं. हवाई संस्थानांत १९७८ सालीं घटनेचा फेरविचार करण्यासाठीं परिषद भरली होती. तिनें सुचविलेली एक दुरुस्ती ७ नोव्हेंबर १९७८ रोजीं मतदारांनीं मंजूर केली. तिचा आशय थोडक्यांत असा: ग्रँड ज्यूरी बसेल तेव्हां तिला सल्ला देण्यासाठीं एक स्वतंत्र वकील नेमला पाहिजे, तो सरकारचा नोकर असतां कामा नये. बस्स, एवढेंच. सरकारी वकिलास त्यांनीं खोलीबाहेर घालविलें नाहीं, त्याचा पुरावा मांडण्याचा अधिकार काढला नाहीं. फक्त फिर्यादीनेंच पंचांचा कायदेपंडित होऊं नये एवढी तजवीज केली. रोग कोठें आहे हें नेमकें ओळखून तेथेंच मात्रा दिली, हें या दुरुस्तीचें मर्म होय.

त्याच १९७८ सालीं कॅलिफोर्नियाच्या वरिष्ठ कोर्टानें हॉकिन्स खटल्यांत दुसऱ्या मार्गानें तोच रोग हातीं घेतला. त्या संस्थानांत खटला सुरू करण्याच्या दोन वाटा होत्या. एक, न्यायाधीशापुढें उघड प्राथमिक चौकशी. तींत आरोपीचा वकील हजर राहून साक्षीदारांची उलटतपासणी करी. दुसरी, ग्रँड ज्यूरीचें आरोपपत्र. तींत यांपैकीं कांहींच नाहीं. कोणास कोणत्या वाटेनें न्यावयाचें हें सर्वस्वीं सरकारी वकिलाच्या मर्जीवर. एकाच गुन्ह्याच्या दोघां आरोपींस असा पंक्तिप्रपंच करणें समतेस सोडून आहे, असें म्हणून कोर्टानें ठरविलें कीं, ग्रँड ज्यूरीनें आरोप ठेवलेल्या मनुष्यासही प्राथमिक चौकशी मागण्याचा हक्क आहे. हा निर्णय बारा वर्षें टिकला. ५ जून १९९० रोजीं कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं ११५ क्रमांकाचा प्रस्ताव शेंकडा ५७ मतांनीं मंजूर करून तो पुसून टाकला.

या मतदारांस नुसतीं नांवें ठेवणें सोपें आहे. आम्ही तसें करणार नाहीं. त्यांचें म्हणणेंही ऐकून घेतलें पाहिजे. गुन्ह्यांची धास्ती लोकांच्या मनांत होती. खटले वर्षानुवर्षें रेंगाळत, आणि तेच ते साक्षीदार, ज्यांच्या घरीं खून झाला किंवा ज्यांच्या मुलीवर अत्याचार झाला ते, दोनदोनदां पिंजऱ्यांत उभे राहून उलटतपासणीस तोंड देत. १९८६ सालीं याच मतदारांनीं मुख्य न्यायाधीश रोझ बर्ड व त्यांचे दोन सहकारी यांस मतें देऊन पदावरून दूर केलें होतें, इतका कोर्टावरचा राग तीव्र होता. लॉस अँजेलिसजवळच्या एका बालशाळेचा खटला तर सर्वांच्या डोळ्यांपुढें होता. तेथें मुलांवर अत्याचार केल्याच्या आरोपावरून मार्च १९८४ मध्यें ग्रँड ज्यूरीनें सात जणांवर आरोपपत्र काढलें, आणि नंतरची प्राथमिक चौकशी सुमारें दीड वर्ष चालली. ‘हा न्याय कीं छळ?’ असें कोणीं विचारलें तर त्यास दोष देतां येत नाहीं.

परंतु याच खटल्याचें दुसरें पान उलटून पाहा. चौकशी संपतांच, जानेवारी १९८६ मध्यें, खुद्द सरकारी वकिलानेंच सातांपैकीं पांच जणांवरचे आरोप पुरावा फार दुबळा म्हणून काढून घेतले. आणि उरलेल्या दोघांवरही १९९० पर्यंत एकही आरोप शाबीत झाला नाहीं. म्हणजे बंद खोलींतल्या चाळणीनें सातही जणांस जात्यांत ढकललें होतें. उघड चाळणीनें, उशिरां कां होईना, पांच जणांस बाहेर काढलें. दिरंगाई हा दोष होताच. पण दिरंगाईवर उपाय म्हणजे चौकशीस मुदत घालणें, चौकशीच नाहींशी करणें नव्हे. घड्याळ मागें पडूं लागलें म्हणून तें कोणी विहिरींत टाकीत नाहीं.

आणि मतदारांपुढें प्रश्न ठेवण्याची तऱ्हा तरी कशी होती? ११५ क्रमांकाचा प्रस्ताव म्हणजे एक भलें मोठें गाठोडें होतें. ज्यूरींतील लोकांस प्रश्न कोणीं विचारावे, दोन्हीं पक्षांनीं पुरावा एकमेकांस केव्हां दाखवावा, प्राथमिक चौकशींत पोलिस अंमलदाराच्या तोंडून ऐकीव पुरावा चालावा कीं नाहीं, कोणत्या खुनास कोणती शिक्षा असावी, अशा अनेक बाबी त्यांत एकत्र बांधल्या होत्या. आणि वर बळी पडलेल्यांस न्याय मिळवून देण्याचें नांव. गाठोडें सोडून एकेक नग पाहण्याची सोय मतदारास नव्हती. घ्यावयाचें तर सगळें, टाकावयाचें तर सगळें. आरोपीच्या हक्कांचा अर्थ मध्यवर्ती घटनेपलीकडे जाऊन करूं नये, असें कोर्टास बजावणारें त्यांतील कलम पुढें डिसेंबर १९९० मध्यें त्याच वरिष्ठ कोर्टानें रद्द केलें. हा घटनेचा मूलभूत फेरफार आहे, तो या मार्गानें करतां येत नाहीं, असें कोर्ट म्हणालें. ग्रँड ज्यूरीविषयींचा भाग मात्र टिकला. आम्ही लोकमताचे कैवारी आहोंत. स्वराज्यांत अखेरचा शब्द लोकांचाच असला पाहिजे. परंतु लोकांस प्रश्न विचारणाऱ्यानें तो सरळ, सुटा आणि नेमका विचारला नाहीं, तर मिळालेल्या उत्तरास लोकमत म्हणणें हें लोकांवरच अन्याय करणें होय. हवाईच्या मतदारांनीं एका रोगास एक औषध दिलें. कॅलिफोर्नियाच्या मतदारांस दहा औषधांचा काढा एका घोटांत पाजण्यांत आला.

स्वतंत्र सल्लागाराची गरज किती आहे, हें १९९० नंतरच्या दोन प्रसंगांनीं दाखविलें. ९ ऑगस्ट २०१४ रोजीं मिसूरी संस्थानांत फर्ग्युसन येथें पोलिसाच्या गोळीनें मायकेल ब्राउन नांवाचा अठरा वर्षांचा काळा तरुण ठार झाला. ग्रँड ज्यूरीनें तीन महिने साक्षी ऐकल्या व २४ नोव्हेंबरास आरोप ठेवण्याचें नाकारलें. पुढें कामाचे कागद बाहेर आले तेव्हां दिसून आलें कीं, पोलिसानें शस्त्र केव्हां चालवावें याविषयीं ज्यूरीच्या हातीं आरंभीं जो कायदा देण्यांत आला, त्याचा आधारच मध्यवर्ती वरिष्ठ कोर्टाच्या १९८५ च्या निर्णयानें गेलेला होता. चूक अगदीं अखेरीस सांगण्यांत आली, आणि ज्यूरीच्या एका सभासदानें त्यावर शंका विचारली तेव्हां तिचा नीट खुलासाही झाला नाहीं. अंतीं निकाल दुसरा लागला असता असें आमचें म्हणणें नाहीं. मध्यवर्ती सरकारच्या न्यायखात्यानेंही २०१५ सालीं त्या पोलिसावर खटला भरण्यास आधार नाहीं, असेंच ठरविलें. परंतु हवाईप्रमाणें तेथें एखादा स्वतंत्र वकील असता, तर ज्यूरीस बरोबर कायदा पहिल्या दिवशीं समजला असता, आणि निकालावर लोकांचा विश्वास बसण्यास मदत झाली असती. दुसरा प्रसंग केंटकी संस्थानांतला. ब्रिओना टेलर ही तरुणी मार्च २०२० मध्यें स्वतःच्या घरांत पोलिसांच्या गोळीनें मरण पावली. सप्टेंबरांत ग्रँड ज्यूरीनें एका पोलिसावर, शेजाऱ्यांचा जीव धोक्यांत घातल्याचा, तेवढाच आरोप ठेवला. कोर्टाची परवानगी मिळाल्यावर ज्यूरीच्या कांहीं सभासदांनीं नांव न देतां सांगितलें कीं, मनुष्यवधाचा आरोप आमच्यापुढें मांडलाच गेला नव्हता. फर्ग्युसनांत सगळें पुढें ओतलें, केंटकींत वेंचून पुढें ठेवलें. दोन्हीं ठिकाणीं हात एकाचाच होता.

अशा प्रकारांनीं अस्वस्थ होऊन कॅलिफोर्नियाच्या कायदेमंडळानें २०१५ सालीं कायदा केला कीं, पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूच्या प्रकरणीं ग्रँड ज्यूरीनें आरोपपत्रासाठीं चौकशी करूं नये. म्हणजे सरकारी वकिलास आपला निर्णय उघडपणें आपल्या शिरावर घ्यावा लागेल. जानेवारी २०१७ मध्यें अपील कोर्टानें तो कायदा रद्द केला: ग्रँड ज्यूरीचा अधिकार घटनेनें दिलेला आहे, साध्या कायद्यानें तो कापतां येत नाहीं. घटना बदलावयाची तर त्या संस्थानांत लोकांचें मत घ्यावें लागतें. फिरून प्रश्न मतपेटीशींच येऊन ठेपतो, तो असा.

हवाईची गोष्ट तरी सुखान्त आहे काय? तसेंही म्हणवत नाहीं. ज्या मतदारांनीं १९७८ सालीं दरवाजावर स्वतंत्र पहारेकरी बसविला, त्यांनींच १९८२ सालीं प्राथमिक चौकशीची व २००४ सालीं लेखी माहितीवरून फिर्यादीची, अशा दोन वाटा शेजारीं उघडल्या. पुढें एका खुनाच्या प्रकरणीं ग्रँड ज्यूरीनें आरोप नाकारला असतां सरकारी वकिलांनीं प्राथमिक चौकशीच्या वाटेनें तोच आरोप पुन्हां ठेवला. २०२२ सालीं तेथील वरिष्ठ कोर्टानें एका जुन्या कायद्याच्या आधारें ही वाट अडविली. तेव्हां कायदेमंडळानें २०२३ सालीं तो कायदाच बदलला. झेंगरास जी खिडकी १७३४ सालीं दिसली, तीच ही. तथापि चाळणी निर्जीव झाली, असेंही कोणीं समजूं नये. ऑगस्ट २०२५ मध्यें वॉशिंग्टन शहरांत एका इसमानें मध्यवर्ती सरकारच्या अंमलदारावर सँडविच फेकून मारलें. सरकारी वकिलांनीं त्याच्यावर गंभीर गुन्ह्याचें आरोपपत्र मागितलें, आणि ग्रँड ज्यूरीनें तें दिलें नाहीं. किरकोळ गुन्ह्याचा खटला झाला, त्यांतही नोव्हेंबरांत धाकट्या ज्यूरीनें त्यास सोडलें. वॉक्टलरसाहेबांच्या थट्टेस नागरिकांनीं असें उत्तर दिलें!

आपण यांतून काय घ्यावें? ग्रँड ज्यूरी परत आणा, असें आम्ही म्हणत नाहीं. धाकटी ज्यूरीही १९७३ च्या फौजदारी संहितेनें गेली; माजिस्ट्रेटापुढील सविस्तर कमिटल चौकशीही तिच्याबरोबरच गेली. आतां चाळणी सेशन जज्जाच्या हातीं आहे. तो सरकारचा नोकर नाहीं, हें आपलें भाग्य. परंतु चाळणींत काय टाकावयाचें हें अजून फिर्यादी पक्षच ठरवितो. २००४ च्या नोव्हेंबरांत सुप्रीम कोर्टानें ओरिसांतल्या एका खटल्यांत निर्णय दिला कीं, आरोप निश्चित करण्याच्या वेळीं फिर्यादी पक्षाचेच कागद पाहावयाचे; आरोपीनें आपले कागद पुढें करावयाचे नाहींत. अमेरिकेंतील १९९२ च्या निर्णयाची ही सख्खी बहीण नव्हे काय? सुदैवानें त्याच कोर्टानें एप्रिल २०२१ मध्यें असेंही सांगितलें कीं, तपासांत हातीं आलेले पण फिर्यादी पक्ष ज्यांवर भिस्त ठेवीत नाहीं, अशा साक्षी व कागदांची यादी आरोपीस दिली पाहिजे. आणि १९९५ सालीं खुद्द महाराष्ट्र सरकारविरुद्धच्या शहाणे खटल्यांत, सरकारी वकील पोलिस खात्याच्या ताबेदारींत असतां कामा नयेत, असें बजावलें.

यादी वेळेवर मिळते कीं नाहीं, सरकारी वकील पोलिसांच्या कचेरींतून सल्ला घेतो कीं कायद्याच्या पुस्तकांतून, हें पाहणें एकट्या वकिलांचें काम नाहीं. व्यापारी मंडळांनीं, नगरांतील विचारी गृहस्थांनीं आणि निवडून दिलेल्या प्रतिनिधींनीं हे प्रश्न एकेक करून, सुटे सुटे, विचारले पाहिजेत. आणि गुन्ह्याच्या धास्तीनें बांधलेलें गाठोडें कोणीं पुढें केलें तर तें सोडून पाहिल्यावांचून खांद्यावर घेऊं नये. आज आरोप दुसऱ्यावर आहे म्हणून चाळणीचा विचार न करणारा मनुष्य उद्यां स्वतः तिच्यांत पडेल, तेव्हां तिची भोकें मोजावयास त्यास सवड मिळणार नाहीं. तराजू कोणाचा हें माल घेण्यापूर्वीं पाहावें. नंतर पाहून उपयोग नाहीं, हें आमच्या व्यापारी वाचकांस आम्हीं सांगावें असें नाहीं.